डब्यावरचा निळा रंग श्वासाबद्दल काय सांगतो?

आधी तातडीचं. तुमच्या प्रश्नात अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे: "कालपासून बाबांना धुरकट दिसून राह्यलं अन् तोंडाला सारखं पाणी सुटते." भाऊ, हे उत्तर वाचायचं सोडा आणि त्यांना आत्ताच दवाखान्यात न्या. औषधाची बाटली, पुडी, जे काही असेल ते पिशवीत घालून सोबत घ्या, लेबल अर्धं फाटलेलं असलं तरी. डॉक्टरांना नुसतं "फवारणी केली" म्हणू नका. कोणतं औषध, किती दिवस, शेवटचा पंप कधी मारला, हे सांगा. निघण्याआधी फवारणीचे कपडे उतरवून साबणाने अंघोळ घाला. दम लागत असेल तर अंघोळीसाठीही थांबू नका, १०८ ला फोन करा. बाकीचं रात्री वाचलं तरी चालेल.

आता प्रश्नाकडे. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. हे भाऊ यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातले. वडील कपाशीवर फवारतात. कृषी केंद्रातून एक बाटली, एक पुडी आणि वरून एक टॉनिक मिळालं, आणि तिन्ही एकाच पंपात गेलं. बाटलीवर निळा त्रिकोण होता, म्हणून दुकानदार म्हणाला, "निळं हलकं असते, काही होत नाही." तिसऱ्या दिवशी वडिलांची छाती भरून आली. घरात आजी दम्याचा पंप घेते. त्यावरून यांनी विचारलंय की आजीच्या पंपातलं औषध तपासून येतं, मग बाबांच्या पंपातलं तपासलेलं नसतं का? असेल तर हे झालं कसं?

विचारलाय एक प्रश्न, पण त्याच्या पोटात दोन आहेत. फवारणीचं औषध श्वासासाठी तपासतात का? हो, तपासतात. तपासलं म्हणजे बाबांना त्यापासून धोका नाही का? आहे. या दोन उत्तरांच्या मधल्या फटीत मी बावीस वर्षं नोकरी केली. मूळची मी मारेगावकडची, घरची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. नोकरी मात्र परराज्यात, हवेतून शरीरात जाणाऱ्या रसायनांचा विषारीपणा उंदरांवर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. त्यामुळे पुढे लिहितेय त्यातलं बरंचसं हाताखालून गेलेलं आहे.

रंगापासून सुरू करू, कारण सगळा घोळ तिथे आहे. आपल्याकडे कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे चार रंग त्या नियमांतून आले. रंग ठरतो एका आकड्यावर, ज्याला आम्ही एलडी-५० म्हणतो: उंदराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम दिलं की निम्मे उंदीर मरतात. तोंडावाटे १ ते ५० मिलिग्रॅममध्ये काम झालं तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्याहून जास्त लागलं तर हिरवा. कातडीवर लावून हाच प्रयोग करतात, त्याचे आकडे वेगळे. निळ्याला तिथे २००१ ते २०,००० लागतात. म्हणजे रंग दोनच वाटांबद्दल बोलतो, गिळलं तर काय आणि अंगाला लागलं तर काय. श्वासाची वाट त्या तक्त्यात नाहीच. दुकानदार खोटं बोलला नाही. निळं गिळायला पिवळ्यापेक्षा हलकंच असतं. पण तुमचे बाबा ते पीत नव्हते.

फरक किती पडू शकतो याचं एक उदाहरण घ्या. क्लोरोथॅलोनिल हे बुरशीनाशक आपल्या कृषी केंद्रांतही मिळतं. उंदराला तोंडावाटे ५००० मिलिग्रॅमच्या वर दिलं तरी निम्मे मरत नाहीत. नुसत्या त्या आकड्यावरून कुणीही म्हणेल, हे तर मिठासारखं. त्याच रसायनाला युरोपात 'श्वासातून गेल्यास प्राणघातक' असा शेरा लावावा लागतो. पोटात गेल्यावर ते फारसं काही करत नाही, पण बारीक कणांच्या रूपात नाकातून, स्वरयंत्रावरून खाली गेलं की जिथे टेकतं तिथली नाजूक त्वचा जाळतं. माणसाच्या फुप्फुसातल्या वायुकोशांचं आतलं अंग पसरून ठेवलं तर साधारण ७० चौरस मीटर भरतं, अंगावरची कातडी दोन चौरस मीटरही भरत नाही. शिवाय वायुकोश आणि रक्त यांच्यातला पडदा एक मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) पातळ असतो. पोटातून गेलेलं विष आधी यकृतात जातं, तिथे त्याचा थोडाफार बंदोबस्त होतो. फुप्फुसातून गेलेल्याला वाटेत असलं जकात नाकं नाही.

तर श्वासाची तपासणी होते कशी? नोंदणीसाठी कंपनीला जी कागदपत्रं द्यावी लागतात त्यात श्वासाच्या चाचणीचा अहवालही असतो. तो रंगात दिसत नाही, एवढंच. ही चाचणी बहुतेक जगात ओईसीडी या देशांच्या संघटनेने ठरवलेल्या ४०३ क्रमांकाच्या पद्धतीने किंवा तिच्या नंतरच्या भावंडांनी होते. डोळ्यांपुढे आणा: मध्ये स्टीलचा एक उभा नळकांडा, आणि भोवती, कणसाला दाणे असावेत तशा, पारदर्शक नळ्या. प्रत्येक नळीत एक उंदीर, नाक तेवढं आतल्या नळकांड्यात. नळीत बसायची सवय त्यांना आधी काही दिवस लावावी लागते, नाहीतर ते घाबरूनच अर्धमेले होतात. उंदीर अख्खाच पेटीत सोडला तर औषध त्याच्या केसांवर बसतं, मग तो अंग चाटतो आणि ते पोटात जातं. श्वासाची चाचणी करायला गेलो आणि गिळायची झाली, असं व्हायचं. म्हणून फक्त नाक.

आत औषधाचं धुकं सोडतात, सलग ४ तास. एका पातळीला ५ नर, ५ माद्या. नंतर १४ दिवस त्यांच्यावर नजर. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी आणि मग दर आठवड्याला वजन. उंदराच्या डोळ्यांभोवती, नाकाभोवती लालसर खपली धरते. नवीन मुलं हमखास ओरडतात, "मॅडम, रक्त!" रक्त नसतं ते. ताण आला की उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून लाल रंगाचा स्राव येतो. पण त्याने जेवण टाकलं, वजन टाकलं, कुशी आत ओढत श्वास घेऊ लागला की मग मात्र खरं.

माझी पहिल्या वर्षातली चूक सांगते, तिच्यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. एका तेलकट, पाण्यात दुधासारख्या होणाऱ्या औषधाचं काम होतं. आत किती औषध गेलं भागिले किती हवा गेली, असा सोपा हिशोब करून मी लिहिलं, दर लिटर हवेत ६ मिलिग्रॅम. साहेबांनी विचारलं, "फिल्टर तोललास?" उंदराच्या नाकापाशी एक छोटा फिल्टर धरून मोजून हवा ओढतात आणि फिल्टरवर काय जमलं ते तपासतात. माझ्या फिल्टरने २ सुद्धा दाखवले नाहीत. उरलेलं कुठे गेलं? नळकांडा उघडून पाहिला तर आतल्या भिंतीवरून ओघळून खाली चिकट थारोळं झालेलं. तेव्हापासून पंपात किती टाकलं हा आकडा मला कुणी सांगितला की मी विचारते, नाकापाशी किती होतं? एकरी किती मिली, पंपाला किती झाकणं, हे पिकाचे हिशोब आहेत. छातीचा हिशोब नाकापासच्या हवेत होतो.

नाकापासच्या हवेत दोन गोष्टी बघायच्या असतात: औषध किती आहे, आणि थेंब केवढा आहे. यातली दुसरी लोक विसरतात. मोठा थेंब, शंभर-दोनशे मायक्रॉनचा, नाकात, घशात किंवा त्याच्याही आधी मिशीत अडकतो. दहाच्या खालचे आत सरकायला लागतात, आणि पाचच्या खालचे तळापर्यंत पोचू शकतात. म्हणून चाचणीत आम्ही मुद्दाम १ ते ४ मायक्रॉनचं धुकं करतो, म्हणजे उंदराच्या फुप्फुसात ते खात्रीने जावं. तिथे चाचणी शेतापेक्षा कडक आहे, हे कबूल करायलाच हवं. पाठीवरच्या साध्या पंपाचा नोझल शंभर मायक्रॉनच्या पुढचे थेंब जास्त टाकतो. शंभर मायक्रॉनचा थेंब सेकंदाला साधारण २५ सेंटीमीटर खाली येतो, म्हणजे डोक्याच्या उंचीवरून सात-आठ सेकंदांत जमिनीवर. दहा मायक्रॉनच्या थेंबाला तेवढ्याच उंचीवरून उतरायला दहा मिनिटं लागतात. तोवर तो तिथेच तरंगतो, आणि तुम्ही त्यातून चालत जाता.

आता शेतात काय होतं बघा. नोझल झिजलेला किंवा बदललेला. पंप जास्त दाबाचा, कारण "धुई चांगली पडते". ऊन पस्तिशीला. थेंब पानावर पडायच्या आत त्यातलं पाणी उडायला लागतं आणि थेंब बारीक होत जातो. औषध मात्र तेवढंच, म्हणजे आता ते जास्त दाट. आणि पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली असेल तर फवारा पायाकडे न जाता तोंडापुढेच सुटतो, आणि दाट झाडांत वारा नसल्याने तिथेच घुटमळतो.

२०१७ साली हेच सगळं एकदम जुळून आलं. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. पऱ्हाटी माणसाच्या वर गेली होती, हवा दमट, पंप बारीक धुईचे, औषधं मिसळलेली. नंतर राज्य सरकारने यवतमाळ आणि आसपासच्या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळ बंदी घातली. तेव्हा मी गावी आले होते. आमच्या शेजारच्या वावरात फवारणारे काका मला म्हणाले, "वीस वर्षं मारून राह्यलो पोरी, यंदाच काय झालं?" त्या एका वाक्यात प्रयोगशाळेची मर्यादा सांगून झाली होती. आमच्याकडे तपासलेलं औषध तेच होतं. बाकी काहीच तेच नव्हतं.

चाचणी ज्या परिस्थितीत होते ती बघा: तापमान २२ अंशांच्या आसपास, स्वच्छ हवा, एकच औषध, ४ तास, आणि उंदीर नळीत स्वस्थ बसलेला. बाबा काय करत होते? सोळा लिटरचा भरलेला पंप पाठीवर घेऊन चिखलातून चालत होते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा ओढतो. अशा कामात हेच तिपटी-चौपटीवर जातं, आणि धाप लागली की माणूस तोंडाने श्वास घेतो. उंदीर तसं करू शकत नाही, तो कायम नाकानेच घेतो. म्हणजे उंदराची चाळणी नेहमी लागलेली, आणि तुमच्या बाबांची नेमकी कष्टाच्या वेळी निघालेली.

मग मिश्रण. कायद्याने तपासणी होते ती डब्याची. कृषी केंद्राच्या काउंटरवर तयार झालेल्या त्रिकुटाची तपासणी जगात कुणीही केलेली नसते, मीही नाही. दोन औषधं एकत्र आल्यावर नेहमीच दुप्पट विषारी होतात असं नाही. कधी काहीच फरक पडत नाही. पण काही जोड्यांत एक औषध शरीरातली दुसऱ्याचा निकाल लावणारी यंत्रणाच अडवतं. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांच्या दोन जातींची ही तशी ओळखीची जोडी, आणि किड्यांवर ती भारी पडते म्हणूनच विकली जाते. शिवाय टॉनिकमध्ये पानावर पसरायला मदत करणारा साबणासारखा पदार्थ असेल, तर तो थेंबाचा आकारही बदलतो.

आणि तिसरा दिवस. तुम्ही लिहिलंय की पहिले दोन दिवस काही झालं नाही, म्हणून बाबांना वाटलं की औषध मानवलं. मिश्रणात ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर याचा हिशोब असा लागतो. आपल्या नसांना "आता पुरे, थांब" असं सांगणारं एक विकर (एन्झाइम) असतं, अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज. हे विष त्याला निकामी करतं. मग नसा थांबतच नाहीत: लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, म्हणून धुरकट दिसणं, छाती आवळणं. रक्तातल्या तांबड्या पेशींमधलं हे विकर एकदा गेलं की रोज जेमतेम एक टक्का भरून येतं. पहिल्या दिवशी थोडं गेलं, दुसऱ्या दिवशी थोडं, शरीराने निभावून नेलं. तिसऱ्या दिवशी घागर रिकामी. आमची तीव्र विषबाधेची चाचणी एका दिवसाच्या ४ तासांची असते, ती या साठत जाण्याबद्दल काहीच बोलत नाही. त्यासाठी २८ आणि ९० दिवसांच्या वेगळ्या चाचण्या आहेत, पण त्यांचे आकडे डब्यावर येत नाहीत.

एक गोष्ट मात्र इथे तुमच्या विरोधात सांगावी लागेल. "श्वासातून विषबाधा" हा शब्द आपल्याकडे फार सहज वापरला जातो. फवारणी करणाऱ्याच्या शरीरात जाणाऱ्या औषधाचा मोठा वाटा बहुतेक वेळा कातडीतून जातो. गळका पंप, भिजलेली पाठ, ओल्या पऱ्हाटीला घासणाऱ्या मांड्या, आणि त्याच हाताने चोळलेला खर्रा. तुमच्या बाबांच्या बाबतीत छाती किती आणि कातडी किती, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पीक किती उंच, पंप कोणता, वारा कसा यावर ते ठरतं. पण नुसता मास्क लावून पाठ भिजू दिली तर पुढच्या वर्षी पुन्हा हाच प्रश्न लिहाल.

आता आजीचा पंप. तुमची तुलना मला आवडली, कारण दोन्ही पंप करतात एकच काम, द्रवाचं किंवा भुकटीचं बारीक धुकं. फरक असा की दम्याच्या पंपात १ ते ५ मायक्रॉनचे कण मुद्दाम करतात, ते खोलवर जावेत म्हणूनच. त्यामुळे त्याची तपासणी वेगळ्याच इयत्तेची. प्राण्यांना ते महिनोन्‌महिने रोज हुंगवतात, मग निरोगी माणसांना थोडं थोडं, मग रुग्णांना. सॅल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाचा नेहमीचा पंप एका दाबाला १०० मायक्रोग्रॅम देतो. तो डबा नवा असताना आणि संपत आल्यावरही तेवढंच देतो ना, कणांचा आकार बदलला नाही ना, हेही बघतात. औषध ढकलणारा वायूसुद्धा सुटत नाही. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोन खाणारे जुने वायू बदलायची वेळ आली, तेव्हा औषध तेच असूनही नव्या वायूची नव्या औषधासारखी वर्षानुवर्षं तपासणी झाली. एवढं करूनही चुका होतात. १९६० च्या दशकात इंग्लंड-न्यूझीलंडकडे आयसोप्रेनालिन या दम्याच्या औषधाचे जास्त ताकदीचे पंप आले आणि दम्याचे मृत्यू वाढले.

बाबांच्या पंपाला ही इयत्ता मिळणार नाही, कारण ज्याचा फायदा बोंडअळीच्या नायनाटात आहे ते निरोगी माणसांना ठरवून हुंगवणं योग्यही नाही. म्हणून उंदरावरचा आकडा घेऊन त्याला दहाने भागतात, कारण माणूस उंदीर नाही. पुन्हा दहाने भागतात, कारण सगळी माणसं सारखी नाहीत. हल्ली मानवी श्वासनलिकेच्या पेशी हवा आणि द्रव यांच्या सीमेवर वाढवून त्यांच्यावर थेट रसायन टाकून बघतात. वर सांगितलेल्या क्लोरोथॅलोनिलच्या बाबतीत अमेरिकेत हा मार्ग पुढे गेलाय. मला त्यात खरा दम वाटतो, उंदराचं नाक आणि आपलं नाक यांतली भानगड तिथे येत नाही. पण पेशींच्या त्या थराला ना चिखल माहीत, ना तिसरा दिवस.

मग तुम्ही काय करायचं? पहिलं, रंगावर जाऊ नका. औषधाच्या नावाने कंपनीचं सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस, मोबाइलवर काढा. त्यातला ११ वा विभाग विषारीपणाचा असतो. तिथे श्वासाचा एलसी-५०, म्हणजे हवेत किती औषध असलं की निम्मे उंदीर मरतात तो आकडा, दिलेला असतो, मिलिग्रॅम प्रति लिटर, ४ तास. हा आकडा जितका लहान तितकं वाईट: १ च्या खाली असेल तर मी ते डोक्याइतक्या पऱ्हाटीत कुणाला मारू देणार नाही. २ ऱ्या विभागात धोक्याचे सांकेतिक क्रमांक असतात; तिथे एच-३३० दिसलं तर 'प्राणघातक', ३३१ म्हणजे 'विषारी', ३३२ म्हणजे 'अपायकारक', तिन्ही श्वासातून. आणि "२.१ पेक्षा जास्त" असं लिहिलं असेल तर दुकानदारासारखं "काही होत नाही" असं वाचू नका. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की आम्हाला याहून दाट धुकं तयार करता आलं नाही आणि तेवढ्या धुक्यात निम्मे उंदीर मेले नाहीत. आजारी किती पडले, ते त्या आकड्यात नसतं.

मास्कबद्दल खरं सांगते. दुपट्टा बांधणं हे नुसतं मनाचं समाधान. मोठा थेंब अडतो, बारीक आरपार जातो, आणि भिजला की औषधाचा बोळा तोंडावर बांधून फिरल्यासारखं होतं. कोरोनापासून घरात पडलेला एन-९५ कणांना बरा आहे, वाफेला नाही, आणि तेलकट धुक्यात तो टिकत नाही. खरा उपयोगी म्हणजे रबरी अर्धा मुखवटा, त्याला कणांचं आणि सेंद्रिय वाफेचं असं जोड काडतूस. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, दाढी असेल तर बसत नाही. भर उन्हात सहा तास तो कुणी घालत नाही हे मला माहीत आहे. मी स्वतः प्रयोगशाळेत एसीत घालून वैतागायचे. म्हणून मुखवटा निदान पुडी फोडताना आणि औषध कालवताना घाला. सगळ्यात दाट विष त्या पाच मिनिटांत नाकापाशी असतं, पुडीतून उडणारी भुकटी तर थेट छातीत जाते. वाऱ्याला पाठ करून उभं राहू नका, तोंडापुढे हवेचा भोवरा तयार होतो आणि भुकटी त्यात फिरते. वारा कुशीवरून जाईल असं उभं राहा.

फवारताना पानं हलतील एवढा, एका दिशेचा वारा चांगला. लोक पहाटेची एकदम शांत वेळ निवडतात, पण तेव्हा जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही आणि बारीक थेंब तिथेच लोंबकळत राहतात. थोडं ऊन आलं, वारा सुटला की सुरू करा, ऊन तापायच्या आत थांबा. आडव्या वाऱ्यात, मारलेला भाग वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहील अशा ओळी घ्या, म्हणजे पुढचं पाऊल नेहमी न मारलेल्या पऱ्हाटीत पडेल. नोझल बदला, दाब कमी ठेवा; धुई कमी दिसेल, दिसू द्या. पऱ्हाटी छातीच्या वर गेली असेल तर पाठीवरच्या पंपाने आत शिरून मारूच नका. अशा वेळी किडीने खाल्लेली चार बोंडं परवडतात. आणि एकाच माणसाने सलग तीन दिवस मारायचं नाही. पंपामागे पैसे मिळणाऱ्या मजुराला हे सांगणं सोपं नाही, मला कळतं. निदान घरच्या माणसाला तरी सांगा.

पुढच्या हंगामाआधी बाबांची कोलिनएस्टरेजची, म्हणजे वर सांगितलेल्या विकराची, रक्ततपासणी करून कागद जपून ठेवा. माणसामाणसात हा आकडा इतका वेगळा असतो की आजारी पडल्यावरच्या एकट्या तपासणीने नेमकं कळत नाही. स्वतःच्याच आधीच्या आकड्यापेक्षा किती उतरला, हे बघायचं असतं. कॅलिफोर्नियात अशी औषधं हाताळणाऱ्या मजुराचं तांबड्या पेशींतलं विकर मूळच्या ७० टक्क्यांपर्यंत उतरलं की त्याला त्या कामावरून काढून दुसरं काम देतात.

आजीसाठी दोन गोष्टी. फवारणीचा पंप आणि ते कपडे ती झोपते त्या खोलीत ठेवू नका. दमेकऱ्याची श्वासनलिका आपल्यापेक्षा कितीतरी कमी मात्रेला आकसते. आणि तिचा पंप ती थेट तोंडात मारत असेल तर डॉक्टरांना विचारून स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची नळी, आणा. तंत्र चुकलं की त्यातलं बरंचसं औषध घशातच बसतं. पंपात स्टेरॉइड असेल तर घेतल्यावर चूळ भरायला सांगा.

राहिली ती पुडी. तुम्ही बाटलीचा रंग लिहिलात, पुडीचं नाव नाही. पांढरी भुकटी होती आणि फोडल्यावर कुजक्या कोबीसारखा उग्र वास आला असेल तर मला अ‍ॅसिफेटचा संशय आहे. ते तोंडावाटेच्या आकड्याने निळ्यातच बसतं, पण जातीचं ऑर्गॅनोफॉस्फेट. २०१७ मध्ये बंदी घातलेल्या त्या पाचांतही ते होतं. हा माझा अंदाज आहे, यावर कुणी उपचार करू नये. दवाखान्यातून आलात की पुडीचा फोटो टाका, आणि बाबांची तब्येत कशी आहे तेही लिहा.